हिरा परत करायचा काउंटर

"या बायका काउंटर सोडत का नाहीयेत?"

आमच्या गेम कंपनीतला प्रोजेक्ट मॅनेजर प्रणव, त्याने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. स्क्रीनवर आमच्या गेममधल्या शहराचा नकाशा होता. याला हीट मॅप म्हणतात. खेळणारी माणसं जिथे जास्त रेंगाळतात, जिथे जास्त बोटं लावतात, तो भाग लाल दिसतो. जिथे कुणी फिरकत नाही तो निळा. आमचं अख्खं शहर निळं पडलं होतं. बाजार निळा, पाण्याच्या टाक्या निळ्या, लिफ्ट निळी. लाल फक्त दोन जागा. एक म्हणजे खेळणाऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर. दुसरी म्हणजे सरकारी हिरा कार्यालयाचं काउंटर. ते तर नुसतं पेटलं होतं.

"मला काय विचारतोस? सकाळपासून मीही तुझ्याशेजारीच उभी आहे," मी म्हणाले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सकाळचा चहा राहिला होता. चहा राहिला की माझा आवाज आपोआप चढतो.

"पण मॅम, यू आर क्यूए."

हे मात्र खरं होतं. क्यूए म्हणजे क्वालिटी बघणारी बाई. मी गेम टेस्टिंग करते. नातेवाइकांना वाटतं, हिला दिवसभर मोबाइलवर खेळायचा पगार मिळतो. खेळायचा डोंबल! एकाच दारातून शंभर वेळा आत जायचं, शंभर वेळा बाहेर यायचं, आणि दार कधी अडकतंय त्याची वाट बघायची, हे माझं काम. दार अडकलं की त्याला बग म्हणतात. इथे येण्याआधी बरीच वर्षं मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते. तिथे सोपं होतं. पार्ट चुकला तर गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसायचा नाही, विषय संपला. इथे प्रोग्रॅमबरोबर गोष्टही तपासावी लागते, आणि गोष्टीचं गेज मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

ही गोष्ट होती ऋतुजाची. ऋतुजा आमची लेखिका आणि डिझायनर. साताऱ्याकडची, मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. हिऱ्याला पाणी असतं असं आपण म्हणतो ना, तिथून तिला हे शहर सुचलं. शहराचं नाव सातमजली. एकावर एक रचलेले सात मजले. वर उजेड, खाली ओल. तिथे सरकार प्रत्येक माणसाला वयात आल्यावर एक हिरा फुकट देतं. तो गळ्यात घालायचा. हिरा असेल तर पाण्याच्या टाकीचं दार उघडतं, लिफ्ट उघडते, दवाखाना उघडतो. नसेल तर नाही.

यातली मेख अशी, की सरकारविरुद्ध काही कानावर पडलं आणि तुम्ही ते कळवलं नाही, तर हिरा मंद होतो. फार मंद झाला की दारं बंद. मग हिरा चमकता ठेवायला जो तो दुसऱ्याची चुगली करत बसतो. खेळणाऱ्यानेही तेच करायचं. पहिल्या भागात हिरा घालायचा, मधल्या भागात मित्रांनाच पकडून द्यायचं, आणि शेवटी, मनाची पुरती लाज वाटल्यावर, तो गळ्यातून काढायचा. वाचूनच माझ्या अंगावर काटा आला होता. मी तिला म्हणालेही होते, "ऋतुजा, तू जेवतेस ना गं वेळेवर?"

पैसे घालणारी कंपनी सिंगापूरची. तिथले मिस्टर लिम दर महिन्याला कॉलवर यायचे. त्यांना गोष्ट आवडली होती. पण त्यांची अट होती: नेहमी गेम खेळणाऱ्यांना दाखवू नका, साध्या माणसांना दाखवा. त्यांना जमलं तर पुढचे पैसे, नाहीतर प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे ऋतुजाची नोकरी गेली. आणि एवढी वर्षं लिहिलेली गोष्ट कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहणार. गोष्टीचे हक्क कंपनीचे असल्याने तिला ती दुसरीकडे नेताही आली नसती. नोकरीचं एक वेळ तिला काही वाटत नव्हतं. गोष्टीच्या काळजीने मात्र पोरगी वाळून गेली होती.

म्हणून आम्ही प्लेटेस्ट ठेवली. प्लेटेस्ट म्हणजे माणसं बोलवायची, हातात फोन द्यायचा, आणि आपण तोंडाला कुलूप लावून बघत राहायचं. काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही. दिवस गुरुवारचा धरला, कारण चाकणच्या पुष्कळ कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. माझ्या जुन्या कंपनीतल्या छायाताई आल्या. चाकणजवळच्या गावातल्या, घरची शेती, शिवाय वायरिंगच्या लाइनवर काम. आपल्याबरोबर गावातल्या चार बायका घेऊन आल्या. प्रणवची मावशी आली, रावेतची, शाळेत गणित शिकवते. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या बायका होत्या, दोन सिक्युरिटी गार्ड होते, कॅन्टीनचे आचारी होते.

आणि या सगळ्यांनी शहराला निळं करून ठेवलं होतं.

आम्ही एकेकाचं रेकॉर्डिंग बघितलं. हिरा मिळतो. माणूस तो घेतो. इथपर्यंत ठीक. मग घरी जातो, घरभर फिरतो, कोपरे शोधतो, आणि हिरा तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावतो. गेममध्ये घरातल्या कुठल्याही डब्यात वस्तू ठेवता येते, पण तो डबा आमच्या आर्टिस्टने नुसता शोभेला काढला होता! त्याचा गोष्टीशी काही संबंध नव्हता. मग थोड्या वेळाने माणूस हिरा काढतो, पुन्हा कार्यालयात जातो, आणि काउंटरवरच्या कारकुनाला बोट लावत बसतो. कारकून म्हणतो, "पुढचा!" माणूस पुन्हा बोट लावतो. "पुढचा!" पुन्हा बोट. कितीतरी वेळ तेच. शेवटी कंटाळून फोन ठेवून देतो.

एकाने केलं असतं तर मी म्हटलं असतं, गोंधळला बिचारा. पण जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं होतं, एकमेकांशी न बोलता. माझी मतीच गुंग झाली. आधी वाटलं टच बिघडलाय. फोन बदलले, स्वतः खेळून बघितलं, व्यवस्थित चाललं. मग वाटलं अक्षरं बारीक असतील. मोठी केली आणि दोघा गार्डना पुन्हा बसवलं. दोघंही पुन्हा काउंटरवर जाऊन चिकटले. प्रोग्रॅमरने कोड उघडून बघितला आणि म्हणाला, "माझ्याकडे सगळं क्लीन आहे." प्रोग्रॅमर लोकांकडे नेहमीच सगळं क्लीन असतं.

शेवटी अभिप्रायाचे फॉर्म काढले. प्रत्येकाने लिहिलं होतं, "खूप छान." मावशींनी "खूप छान" खाली रेघ मारली होती. एकाने सकाळच्या नाश्त्याबद्दल आभार मानले होते. काय कप्पाळ कळणार त्यावरून?

तेवढ्यात प्रणव खुर्चीतून उडालाच. "मॅम! दे वॉन्ट मोअर!"

"काय मोअर?"

"हिरे! बघा ना. एक मिळाला, तो घरात जपून ठेवला, आणि लगेच दुसरा मागायला काउंटरवर. गेले की नाही? याला होर्डिंग म्हणतात, साठेबाजी. डिमांड आहे! आपण इथे शॉप टाकू. काउंटरवरच. पैसे भरा, हिरा घ्या. लिम साहेब खूश होतील."

मी ऋतुजाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"प्रणव, तिथे हिरे विकत मिळत नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "सरकार फुकट देतं. फुकट देतं म्हणूनच ते भयंकर आहे. विकत मिळायला लागले तर ते नुसतं दुकान झालं. मग यात गोष्ट कुठे राहिली?"

"गोष्ट राहील ना. शॉप फक्त बाजूला असेल."

"माझ्या शहरात बाजू नाहीये."

"ऋतुजा, उद्या कॉल आहे. एकतर हे, नाहीतर प्रोजेक्टला टाळं लावायचं. तू सांग."

तिचे डोळे भरून आले होते, ते लपवायला तिने लॅपटॉपमध्ये मान घातली. मला प्रणवचा राग आला. पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं खोडूनही काढता येईना. लाल डाग समोर होता. माणसं काउंटरवर जात होती. नको असलेल्या गोष्टीला कुणी इतक्या वेळा बोट लावतं का?

"मॅम, तुम्ही फक्त ॲज डिझाइन्ड मारून द्या," प्रणव म्हणाला. ॲज डिझाइन्ड म्हणजे हा बग नाही, हे असंच व्हायला हवं होतं, अशी क्यूएची मान्यता. ती दिली की तो शॉपची स्लाइड करायला मोकळा.

"थांब जरा," मी म्हणाले. "माणसं कुठे आहेत?"

"कॅन्टीनमध्ये जेवतायत. का?"

"विचारून येते."

"मॅम, डेटा समोर आहे की. विचारायचं काय त्यात?"

मी निघाले. चाकणला असताना पार्ट का चुकतोय ते बघायला आम्ही लाइनवर जाऊन उभे राहायचो. इथे लाइन नव्हती, पण कॅन्टीन तर होतं.

छायाताई आणि मावशी एकाच टेबलावर बसल्या होत्या. सकाळी ओळखही नव्हती, आता एकमेकींना मठ्ठा वाढत होत्या. मी फोन घेऊन मध्ये बसले आणि गेम पहिल्यापासून सुरू केला.

"छायाताई, हिरा मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला की."

"मग गळ्यात का नाही घातलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी भलतंच विचारलंय. "आसा आल्या आल्या घालत्यात व्हय?"

"अहो, हिरा आहे तो," मावशी मला समजावून सांगायला लागल्या, वर्गात सांगावं तसं. "हिरा सगळ्यांनाच लाभतो असं नाही. आधी घरात ठेवून बघायला नको का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! माझ्या नणंदेला हिऱ्याच्या कुड्या घेतल्या होत्या तेव्हा सासूबाईंनी त्या आठवडाभर देव्हाऱ्यात ठेवायला लावल्या होत्या. मध्येच सासरे जिन्यावरून घसरले. झालं! कुड्या डबीसकट सराफाकडे परत, त्याऐवजी मोती आणले. सराफानेही काही विचारलं नाही. तोच देताना म्हणाला होता, ठेवून बघा, नाही लाभल्या तर आणून द्या. आमच्याकडे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच ते मला आठवलं नव्हतं.

"पण तांदळाच्या डब्यात कशाला?"

"मंग कुठं ठिवू? आधी देव्हारा हुडकला म्या. अख्ख्या घरात देव न्हाई! आसलं कसलं घर वं ते?" छायाताई म्हणाल्या. "मंग तांदळात ठिवला. अन् त्याच राती शेजारनीची लेक उचलून न्हेली."

तो प्रसंग ऋतुजाने मुद्दाम लिहिला होता. पहिल्या रात्री शिपाई येतात आणि शेजारच्या घरातली तरणी मुलगी ओढून नेतात. तिची आई दारात बसून रडते. ते बघून खेळणारा घाबरेल आणि घाईघाईने हिरा घालेल, अशी योजना. आधीच्या टेस्टमधली गेम खेळणारी कॉलेजची मुलं घाबरून लगेच घालतही होती.

"बरं, मग?"

"मंग काय? न्हाई लाभला. दुसऱ्या दिवशी परत द्याया गेले. तर त्यो मेला ऐकतच न्हाई! म्या म्हनते घे, तर पुढचा. घे की, तर पुढचा. बोट दुखलं माजं."

"मीसुद्धा परतच करत होते," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, फोन नीट हाताळता येत नाहीये मला."

म्हणजे माणसं मागत नव्हती, परत करत होती! आणि आम्ही वर बसून त्याला डिमांड म्हणत होतो. मला हसू यायला लागलं. मग हसू थांबलं आणि चिडच आली.

"मग फॉर्मवर लिहायचं ना हे! सगळ्यांनी छान छान लिहून ठेवलंय."

"आता तुमी आल्या आल्या येवढं खाया घातलं," छायाताई म्हणाल्या, "अन् वर नावं ठिवायची व्हय?"

"आणि प्रणवची कंपनी," मावशींनी हळूच जोड दिली.

इथे मी उठायला हवं होतं. काम झालं होतं. पण मला राहवलं नाही. "छायाताई, पण हिऱ्याचा आणि त्या पोरीचा काय संबंध? तुम्ही हिरा नसता घेतला तरी तिला नेणारच होते. गोष्टच तशी लिहिलीय."

छायाताईंनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. "तुमाला संबंध दिसत न्हाई? माज्या घरात हिरा आला अन् तिच्या घरातली लेक गेली. घरात आला की शेजारी रडाया लागतंय, त्यो लाभला म्हनायचा का?"

मी मान हलवली आणि वर आले. जिना चढताना माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतच होता. ही श्रद्धा आहे, की अंधश्रद्धा आहे, की साधी माणुसकी आहे? बगच्या कॉलममध्ये यातलं काय लिहायचं?

वर जाऊन सगळं सांगितलं. प्रणव डोकं धरून बसला. "मॅम, दिस इज सुपरस्टिशन. अंधश्रद्धेसाठी गेम डिझाइन नाही करता येत!"

"तुझी मावशी गणित शिकवते रे."

"मावशीचं काय घेऊन बसलात!"

"मी तिलाच विचारून आलेय."

ऋतुजा एकदम हसायला लागली. खूप हसली. आणि हसता हसता रडायला लागली. "अंजलीताई, मग माझी गोष्ट सुरूच होत नाही. मी असं धरून चालले होते की फुकट मिळतंय तर माणूस घेणारच. सगळे घेतात म्हणून सगळे अडकतात, त्यावरच तर सगळं उभं आहे. ही माणसं पहिल्याच दिवशी नको म्हणतायत. आणि माझ्या शहरात नको म्हणायची सोयच नाही. मला सुचलंच नाही ते. मी इतकी वर्षं काय लिहीत बसले?"

मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस गं. बग आहे, निघेल," असं काहीतरी मी म्हणाले. मला स्वतःलाही ते पटत नव्हतं. दार अडकलं तर काढता येतं. पण गोष्टीचा पायाच चुकला असेल तर?

मी जागेवर जाऊन बग टाकला. खेळणाऱ्याला हिरा परत करायचा आहे, गेम करू देत नाही. प्रकार: ब्लॉकर. म्हणजे असा बग, की तो निघाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रणव धावत आला. "मॅम, ब्लॉकर? उद्या कॉल आहे! तुम्ही माझ्या बाजूने आहात की नाही?"

"बाजू कसली? तपासायला ठेवलंय मला, तपासलं. ॲज डिझाइन्ड मी मारणार नाही. तुला मारायचं तर तुझ्या नावाने मार."

त्याने मारलं नाही. पण शॉपची स्लाइड मात्र केली.

दुसऱ्या दिवशी कॉल. मिस्टर लिम स्क्रीनवर, मागे स्वच्छ पांढरी भिंत. प्रणवने लाल डाग दाखवला, डिमांड शब्द दोनदा वापरला आणि शॉपची स्लाइड लावली. मिस्टर लिम शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा वर केला. "क्यूए लिस्टमध्ये एक ब्लॉकर दिसतोय. कोणी टाकला?"

प्रणवने डोळे मिटले. मी माइक चालू केला.

आता हे सगळं इंग्रजीत सांगायचं होतं. मी म्हणाले, सर, ते हिरा मागत नाहीत, परत करतायत. मिस्टर लिम म्हणाले, "रिफंड?" मी म्हटलं, रिफंड नाही, हिरा फुकटच होता. ते म्हणाले, "देन व्हाय रिटर्न?" आता लाभणं याला इंग्रजीत काय म्हणतात? मी सूट म्हणून बघितलं. त्यांना वाटलं कपड्यांवर शोभत नाही. मी लक म्हणून बघितलं. ते म्हणाले, पण हिरा तर लकीच असतो ना? मी नणंदेच्या कुड्या, सासरे, जिना, सगळं सांगितलं. प्रणव टेबलाखालून मला थांबायच्या खुणा करत होता. मिस्टर लिम पूर्ण गोंधळले होते. मीही गोंधळले होते. ऋतुजा तर भिंतीकडे बघत होती.

"ओके," शेवटी मिस्टर लिम म्हणाले. "कारकून त्यांना विचारतो का, का परत करताय म्हणून?"

"नाही सर. तो फक्त पुढचा म्हणतो."

"मग त्याला विचारू द्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा टेस्ट करा. शॉप का गोष्ट का काहीच नाही, ते त्यानंतर ठरवू."

काम फार नव्हतं. कारकुनाला एक वाक्य दिलं, "कारण सांगा," आणि खाली लिहायला मोकळी जागा. पुढे काय होतं ते ऋतुजाला सुचत नव्हतं, म्हणून पुढे काहीच ठेवलं नाही. कारण लिहिलं की स्क्रीन थांबणार. आठवडाभर ती अर्धी जेवत होती. "त्यांनी पुन्हा छान आहे असंच लिहिलं तर?" असं मला रोज विचारायची. मी रोज म्हणायचे, नाही गं लिहिणार. मनात म्हणायचे, लिहिलं तर खरंच कठीण आहे.

गुरुवारी तीच माणसं आली. या वेळी आम्ही नाश्तासुद्धा टेस्टनंतर ठेवला. उगाच मिंधेपणा नको.

सगळे काउंटरवर पोचले. कारकून म्हणाला, कारण सांगा. आणि कॉन्फरन्स रूममध्ये कुणी मान वर करेना. सगळे लिहीत होते. गार्डने लिहिलं, "पावती दिली नाही, उद्या चोरीचा म्हणाल." आचाऱ्याने लिहिलं, "घरात म्हातारी आई आहे, रिस्क नको." मावशींनी लिहिलं, "वस्तू उत्तम. आमच्याकडे नको. कृपया आग्रह करू नये." छायाताईंनी टाइप करायचा कंटाळा केला. फोन तोंडाजवळ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. फोनने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं: "आधी शेजारनीची लेक घरी आनून सोडा. मंग तुमच्या हिऱ्याचं बगू."

त्यांच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "अगं, मीपण तेच लिहिलंय!" आणि तिच्या पलीकडच्या दोघीही मान हलवायला लागल्या.

संध्याकाळी कॉल झाला. मी एकेक उत्तर वाचून भाषांतर करत गेले. पावतीला मिस्टर लिम हसले. मावशींचा आग्रह काही त्यांना कळला नाही. मग छायाताईंचं वाक्य आलं. साधं वाक्य. इंग्रजी करताना कुठेही अडलं नाही.

मिस्टर लिमनी ते वाक्य स्वतःशी एकदा म्हणून बघितलं.

"यावर कारकून काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याकडे उत्तर नाही, सर," ऋतुजा म्हणाली. "त्याला आजवर असं कुणी म्हणालेलंच नाही."

"मग तिथून लिही."

प्रोजेक्ट चालू राहिला. शॉपची स्लाइड गेली. मुदत वाढवून मिळाली. ऋतुजाने आधीचे तिन्ही भाग काढून टाकले, आणि आता ती नव्याने लिहितेय: एक शहर, जिथे लोक हिरे परत आणून देतात आणि सरकारला त्यांचं काय करावं ते कळत नाही. पुढे काय होणार, हे तिलाही ठाऊक नाही. पण जेवते वेळेवर. प्रणव प्रत्येक मीटिंगमध्ये आमचं रिटर्न मेकॅनिक, म्हणजे परत करायची खेळातली सोय, म्हणून ते मिरवतो. मी मिरवू देते. दिवाळीचा बोनस त्याच्या हातात असतो.

छायाताईंना मी निघताना विचारलं होतं, खरं सांगा, हिरा लाभला नाही म्हणून परत केलात, की त्या पोरीसाठी? त्या म्हणाल्या, "दोन्ही येकच की," आणि कॅबमध्ये जाऊन बसल्या. त्या दोन्हींचं एक कसं झालं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. श्रद्धेचं गेज माझ्याकडे नाही आणि माणुसकीचंही नाही.

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांना मी आता एवढंच शिकवते. कुणी एकच बटण सारखं दाबत असेल तर त्याला ते आवडलंय असं धरून चालू नका. बहुतेक वेळा त्याचं कुणी ऐकत नसतं.